शेवटचे दहा पेन्स

लीलाताई, आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर तर इतकं वाकडं की आमची स्मिता म्हणते, आई, तुझं पत्र उभं धरायचं की आडवं? तरी लिहिते. तुमच्या मिस्टरांनी वेम्बलीहून फोन करून ह्यांना सांगितलं, की डॉक्टरांनी तुमच्याही किडन्यांचं नाव घेतलंय आणि तुम्ही जेवणखाण सोडून बसला आहात. फोनवर मला बोलता येत नाही, चार माणसांत तर त्याहून नाही. कागदावर जमतं. हे तुमच्यापुरतंच ठेवा. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त दिवस कसे गेले ते सांगते. बरेचसे हसण्यात गेले, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरत वाचणार नाही.

*

कळलं तो दिवस एकोणनव्वद सालच्या थंडीतला. महिनाभर पाय सुजत होते, जेवण पाहिलं की मळमळायचं. मी मोज्यांच्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. उभं राहून काम, म्हणून पाय सुजत असतील असं वाटलं. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि त्यांनी घरी सोडलंच नाही. हे बस गॅरेजमध्ये ड्यूटीवर होते, म्हणून सोबत स्मिता होती, चौदा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये. डॉक्टर तिला सांगत होते आणि ती मला.

"आई, तुझा किडनी झोपला आहे."

"मग उठवा म्हणावं."

"नाही उठत. दोन्ही. डॉक्टर म्हणतात, परमनंट."

तिचा चेहरा बघून मला कळलं. झोपला म्हणजे काय ते तिला माहीत होतं, पण आईला तसं सांगायला तिच्याजवळ मराठी शब्द नव्हता. आता वाटतं, नव्हता तेच बरं. झोपलेल्या माणसाची इतकी भीती वाटत नाही.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक मशीनचा. पण मशीनं थोडी आणि रांग मोठी. दुसरा पिशव्यांचा. पोटात एक नळी बसवायची. त्यातून दिवसातून चार वेळा औषधी पाणी पोटात घ्यायचं, जुनं काढायचं. घरीच, आपल्या हातानं. त्यासाठी हॉस्पिटलात राहून शिकायचं आणि सिस्टरला करून दाखवायचं. जमलं तर घरी. नाही जमलं तर मशीनच्या रांगेत, आणि त्या रांगेतली सगळीच माणसं पुढे सरकत नसत. हे स्मितानं मला सांगितलं नाही. सिस्टर पॉलीन माझा हात धरून बसली, त्यावरून मी समजले.

संध्याकाळी स्मिताला शेजारीण घरी घेऊन गेली. वॉर्डात चाकांवरचा फोन फिरायचा, नाणी टाकून बोलायचं. मला घरी सांगायचं होतं की भाजीला फोडणी घालून ठेवलीय, गॅस बघा. आता हसू येतं, पण त्या वेळी मला तेवढंच सुचत होतं. पर्समध्ये एक नाणं नव्हतं. फोनपाशी नुसती उभी राहिले. मागायची लाज.

मागून आवाज आला, "मामा, यू नीड टेन पी?"

*

असे मिस्टर इमॅन्युएल भेटले. उंच, काळेभोर, केस पांढरे व्हायला लागलेले, पण वय चाळीसच. पट्ट्यापट्ट्याचा ड्रेसिंग गाऊन. त्यांच्याकडे मोठ्या बाईला मान देऊन 'मामा' म्हणतात. आमच्या घरी हे कळलं तेव्हा हे म्हणाले, "मग मी कोण, मामी?"

त्यांनी खिशातून एक लोकरी मोजा काढला. त्यात नाणी. ती मोठी, जड, जुनी दहा पेन्सची. त्यांनी मोजून वीस माझ्या ओंजळीत घातली. मला एकच पुरलं असतं. ते म्हणाले, "नाही. पूर्ण दोन पौंड. लहान कर्जाचा उपयोग नसतो."

त्यांचं इंग्रजी मला नर्सेसच्या इंग्रजीपेक्षा लवकर कळायचं. ते सावकाश बोलायचे, हातानं दाखवायचे, आणि मी नाही म्हटलं तरी तेच परत सांगायचे. त्यांच्याही दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तेही पिशव्या शिकायला आले होते. झोपायचे पुरुषांच्या बाजूला, पण शिकायची खोली एकच. एक टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दोन पौंडांची नाणी आणली. मी द्यायला गेले तर मिस्टर इमॅन्युएलनी हात मागे घेतले. "आत्ता नाही. लढाईत आहोत आपण. लढाईत कोणी कर्ज फेडतं का?"

मग त्यांनी सांगितलं. नायजेरिया त्यांचा देश. तिथे त्यांच्या तरुणपणी आपसात युद्ध पेटलं. त्यांचा बियाफ्रा भाग वेगळा व्हायला निघाला होता. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखून. मिस्टर इमॅन्युएल अठरा वर्षांचे, शाळा सोडून साधे शिपाई झाले. ऑफिसर नाही, काही नाही, चालणारा शिपाई. त्यांच्या तुकडीत एक रीत होती. पुढच्या फळीवर जायच्या आधी प्रत्येकानं दुसऱ्याकडून काहीतरी उसनं घ्यायचं. सिगरेट, बटण, एखादा शिलिंग. घ्यायचं म्हणजे घ्यायचंच.

"का?" मी विचारलं.

"ज्याचं देणं बाकी आहे त्याला मरायची परवानगी नाही. सावकार सोडेल का?"

*

आमच्या सासूबाईंना हे सांगितलं आणि घरात महाभारत झालं. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या, कऱ्हाडजवळच्या, नऊवारीवर ह्यांचा जुना कोट घालून बसनं हॉस्पिटलला यायच्या. आपल्यात उलटं ना. देणं ठेवून मरू नये. नाहीतर पुढच्या जन्मी त्याच्या दारचा बैल होऊन फेडावं लागतं.

"इंदू, आधी त्याचे पैसे दे. ऑपरेशनला जायच्या आधी अंगावर कोणाचं देणं नको."

"आई, ते घेत नाहीत."

"घेत नाही म्हणजे? मी देते."

गेल्या त्या. कोट सावरत पुरुषांच्या बाजूला. पैसे मिस्टर इमॅन्युएलच्या पांघरुणावर ठेवले. त्यांनी उचलून परत सासूबाईंच्या हातात दिले. सासूबाईंनी पुन्हा ठेवले. एक मराठीत भांडतंय, एक इंग्रजीत, आणि आजूबाजूचे गोरे म्हातारे उशीला टेकून बघतायत. शेवटी मिस्टर इमॅन्युएल म्हणाले, "ओके, ग्रॅनी. हप्ते." दर वेळी क्लिनिकला आले की मी एक नाणं द्यायचं. एकदम नाही. हे स्मितानं समजावलं तेव्हा सासूबाईंनी पैसे उचलले. येताना मला म्हणाल्या, "माणूस हुशार आहे. वीस वेळा तुला इथे जिवंत यायला लावतोय."

*

आता शिकण्याचं सांगते, कारण तुम्हाला त्याचीच भीती वाटत असेल.

पोटात नळी बसवली. दोन दिवस दुखलं, मग विसरले. पिशवी बदलणं म्हणजे असं: खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात धुवायचे. नवी पिशवी वर टांगायची, जुनी खाली ठेवून पोटातलं पाणी तिच्यात उतरवायचं, मग जुन्या पिशवीतून नळीचं टोक काढायचं आणि कशालाही न लावता नव्या पिशवीत घालायचं. एवढंच. पण ते टोक उघडं असतं तेव्हा माझे हात असे कापायचे की सिस्टर पॉलीन म्हणायची, "ओके, इंडू, ट्राय अगेन." भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता होता, इंग्रजी. मला अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. पहिले चार दिवस मी रोज नापास. मिस्टर इमॅन्युएल दुसऱ्या दिवशीच पास झाले होते, तरी खोलीत येऊन बसायचे.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मामा, तक्ता सोड. मी बंदूक कशी शिकलो सांगू? बंदूक नव्हतीच. लाकडाची काठी होती. काठीवर आम्ही गोळी भरायला शिकलो, डोळे बांधून, नंबरावर. वन, हात इथे. टू, हात तिथे. सार्जंट म्हणायचा, डोकं घाबरतं, हाताला घाबरायला शिकवू नका."

त्यांनी एक रिकामी पिशवी आणि जुनी नळी आणली. मला उभं केलं. स्वतः कवायतीच्या मास्तरासारखे ताठ. "वन!"

मी म्हटलं, "एक."

"लाउडर, सोल्जर."

लीलाताई, मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. लग्नात नाव घेतानासुद्धा जाऊबाईंनी चिमटा काढला होता. त्या खोलीत मी ओरडले, "एक! हात धुणे! दोन! पिशवी टांगणे!" बाहेरून नर्सेस डोकावल्या. दिवसभर तेच. मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. सातव्या आकड्याला टोक नव्या पिशवीत बसायचं. बसलं की ते म्हणायचे, "बुम," आणि मी हसायचे. दोन दिवसांनी सिस्टरसमोर केलं. हात कापले नाहीत. ती म्हणाली, काय म्हणतेयस तू पुटपुटत? मिस्टर इमॅन्युएल म्हणाले, "आर्मी सीक्रेट."

घरी आले. पाणी पोटात गेलं की रिकामी पिशवी नळीलाच ठेवायची, घडी करून साडीच्या निऱ्यांमागे खोचायची. कोणाला काही कळत नसे. साडीसारखं सोयीचं नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

*

घरी आल्यावर सोपं झालं असं नाही. हे गॅरेजमधून येऊन कुकर लावायचे. स्मिताच्या डब्यात रोज जॅम सँडविच. एकदा ती चिडून म्हणाली, "घरात सगळे फक्त आईच्या पिशव्याचं बोलतात." हे तिच्यावर हात उगारून थांबले आणि मागच्या अंगणात जाऊन बर्फात उभे राहिले. मग तीच त्यांचा कोट घेऊन गेली. त्या दिवसापासून ठरलं, जेवताना पिशवीचं नाव काढायचं नाही.

बेडरूममध्ये पिशव्यांच्या खोक्यांची भिंत झाली होती. सासूबाईंना पिशवीचं सगळं फार पटायचं. शिवायचं नाही, हात धुवायचे, मध्ये बोलायचं नाही. "हे आपलं सोवळंच की. इंग्रजांना आत्ता कळलं." दारात त्या राखण करत बसायच्या, कोणाला येऊ द्यायच्या नाहीत.

आणि त्यातूनच गडबड झाली. दोन-तीन महिन्यांनी एकदा टोक माझ्या पदराला लागलं. सिस्टरनं शिकवलं होतं, लागलं तर चिमटा लावून थांबायचं आणि वॉर्डला फोन करायचा. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, नळाखाली धर. पाण्यानं धुतलं की झालं शुद्ध." मलाही तेच खरं वाटलं. आपण पाण्यानं काय शुद्ध करत नाही? पाटावर पाणी फिरवतो, केळीच्या पानावर शिंपडतो. मी टोक स्वच्छ धुतलं आणि लावलं. दोघींना बरं वाटलं.

दोन दिवसांनी पिशवीत तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी आलं. पोट असं दुखलं की उभं राहता येईना. ॲम्ब्युलन्स. डॉक्टर म्हणाले नळाच्या पाण्यातले जंतू पोटात गेले. आपल्याला शुद्ध ते पोटाला शुद्ध नसतं. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

त्या आजारपणात मला खरी भीती वाटली. ताप, अंगात थरथर. सासूबाई कॉटशी येऊन बोलेनात. माझ्यामुळे झालं, एवढंच ह्यांना म्हणाल्या आणि जेवण सोडलं. सिस्टर पॉलीन रागावली नाही. तिनं सासूबाईंना चहा करून दिला आणि स्मिताला म्हणाली, आजीला सांग, माझ्या आईनंही हेच केलं असतं.

मिस्टर इमॅन्युएल क्लिनिकला आले होते, ते भेटायला वर आले. मी त्यांना म्हटलं, तुमचे पैसे आज सगळे घेऊन टाका. माझं काही खरं नाही.

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "गॉडविनचं सांगायचं राहिलं." गॉडविन त्यांच्या तुकडीतला, त्यांच्याच वयाचा, सगळ्यांना उसनं देणारा. नदीपलीकडे जायचं होतं त्या सकाळी मिस्टर इमॅन्युएलनी त्याच्याकडून एक शिलिंग घेतला. बाकीच्यांनीही घेतलं. कोणीतरी म्हणालं, गॉडविन, तू पण घे. तो हसला. "मी बँक आहे. बँक उसनं घेत नाही." संध्याकाळी बाकीचे परत आले.

"त्याचा शिलिंग अजून माझ्यावर आहे," ते म्हणाले. "युद्ध संपलं, आमचं सरकार गेलं, आमचा पैसाही गेला. नोटा चुलीत घातल्या लोकांनी. पण देणं आहे. म्हणून मी आहे. तू माझे पैसे देऊन मोकळी होऊ नकोस, मामा."

मी रडत होते आणि तरी म्हटलं, "मग तुम्ही आमची बँक झालात. तुम्ही कोणाचे देणेकरी?" म्हणजे गॉडविनचं होतंच, पण मला ते पुरेसं वाटेना.

सासूबाईंना स्मितानं हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या. आणि पुढच्या वेळी मिस्टर इमॅन्युएलसाठी डबा घेऊन आल्या, आत बिनमिठाचे धपाटे. डबा त्यांच्या हातात ठेवून बोट दाखवून म्हणाल्या, "डबा आमचा आहे. उसना."

*

आता हसण्याचं सांगते.

आम्हा दोघांना मीठ अगदी मोजकं. ते म्हणायचे, "युद्धात मीठ मिळायचं नाही. मोज्यात लपवून चिमूटभर आणायचो, तळहातावरून जिभेला लावायचो. म्हणायचो, युद्ध संपू दे, पोतंभर खाईन. युद्ध संपलं, इंग्लंडला आलो, पोतंभर खाल्लं. आता डॉक्टर म्हणतो, मिठाला हात लावू नको. माझ्या नशिबी मीठ नाही."

मी त्यांना आपली म्हण सांगितली, खाल्ल्या मिठाला जागावं. ते म्हणाले, "आणि न खाल्लेल्या?"

क्लिनिकला दर वेळी मी एक नाणं द्यायची. ते वाकून सॅल्यूट करायचे. सासूबाई दर वेळी विचारायच्या, "डबा?" ते म्हणायचे, "नॉट येट, ग्रॅनी." त्यात ते कधी कधी चार केळी घालून दाखवायला आणायचे आणि केळी देऊन रिकामा डबा परत घेऊन जायचे. असला चोर पाहिला नाही, असं सासूबाई साऱ्या बसला सांगायच्या.

असं करत एकोणीस नाणी फिटली. विसावं मी दिलं नाही. म्हणजे पर्समध्ये असायचं, पण काढायची नाही. त्यांनीही कधी मागितलं नाही. ते मी त्यांनीच दिलेल्यातलं राखून ठेवलं होतं. फोनमध्ये टाकलं नव्हतं. का ते सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी एक बाजूला ठेवलं होतं.

*

मग चार वर्षांनी एका सकाळी फोन आला. किडनी मिळाली, निघून या. कोणाची ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की कोणीतरी तरुण होतं. ते मी रोज देवापुढे दिवा लावताना आठवते. त्या घराचं देणं मात्र फिटण्यातलं नाही.

ऑपरेशनला नेताना ह्यांनी विचारलं, "काही हवंय?" मी म्हटलं, "माझी पर्स सांभाळा, आत दहा पेन्स आहेत." हे चार दिवस ती पर्स शर्टाच्या आत घालून बसले.

आणि लीलाताई, शुद्धीवर आल्यावर नर्स पिशवी दाखवत होती, पिशवीत पिवळं पाणी. चार वर्षांत मला लघवी अशी झालीच नव्हती. सिस्टर पॉलीनची ड्यूटी नव्हती तरी ती बघायला आली. सासूबाईंनी ईलिंगच्या भाच्याकडून पेढे मागवले आणि वॉर्डभर वाटले. एका गोऱ्या बाईनं विचारलं, ग्रँडचाइल्ड झालं का? स्मिता लाजून लाल. "नो," ती म्हणाली, "माय मम डिड अ वी." सुनेला लघवी झाली म्हणून पेढे वाटणारी सासू त्या गावात दुसरी नसेल.

दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, पोटातली ती जुनी नळी आता काढू. काढली. त्याच आठवड्यात मी क्लिनिकला गेले. मिस्टर इमॅन्युएल तिथे होते. त्यांचा नंबर अजून लागला नव्हता. ते अजून पिशवीवरच होते, पण गालांवर तेज. माझ्याकडे बघून उभे राहिले. "सोल्जर, तुझं युद्ध संपलं."

मी पर्समधून नाणं काढलं. तेव्हा लहान दहा पेन्सची नाणी निघाली होती आणि जुनी मोठी चालेनाशी झाली होती. माझं ते मोठं, जुनं. तळहातावर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "थांबा, हे आता दुकानात घेत नाहीत. दुसरं देते."

त्यांनी ते माझ्या हातातून उचललं. उलटं केलं, सुलटं केलं आणि असे हसले की रिसेप्शनवरच्या बाईनं मान वर केली.

"पुन्हा," ते म्हणाले. "पुन्हा पैसा मेला, मामा, आणि आपण जिवंत."

सासूबाई मागून म्हणाल्या, "त्याला विचार, आता तरी डबा देतोस का?"

"नो, ग्रॅनी," ते म्हणाले, त्यांना तेवढं मराठी आता कळत होतं. "माझं युद्ध चालू आहे. डबा माझ्याकडेच राहील."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "घाई नाही."

मग त्यांनी खिशातून तो लोकरी मोजा काढला, नाणं आत टाकलं आणि वरून गाठ मारली. माझ्यासमोर ताठ उभे राहून सॅल्यूट केला. मीही केला, सगळ्यांदेखत, क्लिनिकच्या मधोमध.

"टू पाउंड्स," ते मोठ्यानं म्हणाले. "पेड इन फुल."